कृष्णधवल फिल्मसाठी कोणती जुनी लेन्स घ्यावी? आणि ट्रायपॉड खरंच लागतो का?

लेन्सबद्दल कळकळीने विचारलंत आणि ट्रायपॉड शेवटी तोंडी लावायला. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी ट्रायपॉड, तोही जड. उरलेल्या पैशांत लेन्स.

आमच्या ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ आहेत. त्यांनी एका जर्मन लेन्सवर घातलेल्या पैशांत माझं सगळं सामान, निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या एन्लार्जरसकट, आलं असतं. माझ्या हेलिओस ४४-२ या जुन्या रशियन ५८ मिमी लेन्सला ते सोडावॉटरची बाटली म्हणायचे. एका हिवाळ्यात आम्ही वाईजवळ मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे ना, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर इकडे आलेली, ती दोघांनाही हवी होती. नुकतं उजाडत होतं. घंटा गडद सावलीत, मागे कृष्णेच्या पाण्यावर उजेड चढतोय.

त्यांनी ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडलं, श्वास रोखला, हातात धरूनच चार-पाच फ्रेम घेतल्या आणि चहा शोधायला गेले. मी अजून पायऱ्यांवर ट्रायपॉडचे पाय बसवत होतो. मधला दांडा वर काढायचा नाही, खाली बॅग लटकवायची. फिल्म इलफर्ड कंपनीची एफपी४, ॲपर्चर एफ/१६, म्हणजे भोक अगदी बारीक. सावलीचं रीडिंग घेऊन दोन स्टॉप कमी केले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तर दहा सेकंद आले. पण एक्स्पोजर लांबलं की फिल्म मंदावते. इलफर्ड या फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायला सांगते, त्या हिशेबाने दहाचे अठरा. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायची तार) दाबली आणि एक आजी कळशी घेऊन सरळ फ्रेममधून उतरल्या. बिचाऱ्या निगेटिव्हवर उमटल्याही नाहीत. घरी डेव्हलपिंग मुद्दाम आखडतं घेतलं (आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना अकराऐवजी नऊ मिनिटं), म्हणजे पाणी पांढरंफटक झालं नाही.

माझ्या १६ बाय २० इंची प्रिंटवर घंटेवरची मेरीची उठावदार आकृती स्वच्छ दिसते. त्यांच्या प्रिंटवर घंटेची एक कड शार्प आहे, बाकी सगळं लोणी. त्यावर म्हणाले, "तुझ्या लेन्सला कॅरेक्टर नाही." अहो, एफ/१६ ला कुठल्या लेन्सला कॅरेक्टर असतं? तिथवर बंद केल्यावर बरी-वाईट सगळ्याच लेन्स जवळजवळ एका रांगेत येतात. हजारोंचा फरक पूर्ण उघड्या ॲपर्चरचा असतो, आणि ट्रायपॉडवर काम करणाऱ्याला ते उघडायची वेळ क्वचित येते.

तर लेन्स. एम४२ स्क्रू माउंटची (कॅमेऱ्यावर आट्यांनी बसणारी) माझ्यासारखी हेलिओस ५८ मिमी किंवा सुपर-टाकुमार ५५ मिमी, जी बुरशीविना मिळेल ती. मागून टॉर्च मारून बघा. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेली असेल तर हात लावू नका. सुपर-टाकुमार ५० एफ/१.४ च्या एका आवृत्तीत थोरियमची काच आहे, ती जुनी होऊन पिवळी पडते. कलरवाले नाक मुरडतात, कृष्णधवलवाल्याला फुकटात हलका पिवळा फिल्टर मिळतो.

हो, एक राहिलं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळांवर ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. एक अष्टमांश ते एक तीसांश सेकंदाच्या टप्प्यात कॅमेऱ्याचा आरसा ट्रायपॉडवरही हादरा देतो. आणि पळती पोरं, बाजार, लग्न टिपायचं असेल तर हे सगळं विसरा, तिथे त्या ज्येष्ठांचीच पद्धत बरी.

पण काका, हे वाचत असाल तर घंटेची तुमची निगेटिव्ह घेऊन या. माझ्या एन्लार्जरवर १६ बाय २० काढू, मग कॅरेक्टरचं बोलू.