महिन्याचे २६० रुपये आणि आजींचा फोन

सांगलीच्या गावभागातून एका वाचक ताईंनी विचारलंय. घरात त्या, निवृत्त शिक्षक असलेले यजमान, बारावीतली मुलगी आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. मोठा मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. १९९१ साली सासऱ्यांनी घेतलेला लँडलाइन फोन अजून चालू आहे. बिल जीएसटीसह महिन्याला साधारण २६० रुपये येतं. मुलगा म्हणतो, सगळ्यांकडे मोबाइल आहेत, फोन काढून टाका आणि तेवढ्याची एसआयपी लावा. यजमान म्हणतात, अख्ख्या गोतावळ्याकडे हाच नंबर आहे, राहू दे. मागच्या पावसाळ्यात फोन दीड महिना मुका होता, बिल मात्र वेळेवर येत राहिलं. आता एकाने ४९९ रुपये अधिक जीएसटी अशा दराने फायबर इंटरनेट आणि सोबत फोन देऊ केलाय. ताईंचा प्रश्न एवढाच, की काय करू?

ताई, नमस्कार.

आधी मुलाचा हिशेब बघू, कारण तो चुकीचा नाही. महिन्याला २६० म्हणजे वर्षाला ३,१२० रुपये. हे पैसे दरमहा कुठे गुंतवले आणि सरासरी ७ टक्के मिळाले असं धरलं, तर १० वर्षांत सुमारे ४५ हजार होतात. त्यातले ३१ हजार तुमचेच घातलेले. म्हणजे १० वर्षं नेमाने केल्यावर हाती येणारी खरी वाढ १४ हजारांच्या आसपास. तुमच्या घरात दोन पेन्शन मिळून महिन्याला ४५ हजार येतात असं तुम्ही लिहिलंय. त्यात हा फोन शंभर रुपयांमागे साठ पैसेसुद्धा खात नाही. त्यामुळे फोन ठेवल्याने म्हातारपणाची घडी विस्कटणार नाही आणि काढल्याने नवी बसणारही नाही. मुलाला हे आकडे दाखवा. त्याचा बचतीचा आग्रह चांगला आहे, पण या २६० रुपयांवर तो वाया घालवू नये.

मग खरा प्रश्न उरतो, की हा फोन घरात नेमकं काय काम करतो? तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही, यजमान किंवा मुलगी, कुणीच तो वापरत नाही. तो आजींचा फोन आहे. मिरजेची लेक रोज संध्याकाळी सातला करते, तासगावची बहीण एकादशीला करते आणि आजी स्वतः उठून उचलतात. मोबाइल त्यांना जमत नाही, वाळलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फोनच्या वर भिंतीला लावलेला पुठ्ठा दिसतोय, त्यावर मोठ्या अक्षरात नंबर आहेत आणि प्रत्येक मोबाइल नंबरच्या आधी लाल पेनाने मागाहून शून्य लिहिलंय. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबावा लागतो, तेव्हाची ही दुरुस्ती असणार. ज्या घरात कुणीतरी बसून एकेका नंबराला शून्य जोडून दिलाय, तिथे हा फोन शोभेचा नाही. मी तो बंद करा असं सरळ म्हणणार नाही.

पण आहे तसा ठेवा, असंही म्हणणार नाही.

तांब्याच्या तारेच्या फोनचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे घरची वीज गेली तरी तो चालतो. त्याला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून त्याच तारेतून येतो. यजमानांनी हेच कारण दिलंय, "पुरात वीज जाते तेव्हा हाच कामाला येतो." दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आणून द्या. एक तर फोटोतलं यंत्र कॉर्डलेस आहे. त्याचा तळ भिंतीतल्या प्लगवर चालतो, त्यामुळे वीज गेली की तारेत पुरवठा असूनही हँडसेट मुका. तारेचा गुण तुम्ही यंत्र बदललं तेव्हाच गेला. दुसरं असं की गावभागात पुराचं पाणी येतं तेव्हा ते आधी जमिनीखालच्या जोडांमध्ये शिरतं. खरखर सुरू होते, मग आवाज जातो आणि पाणी ओसरल्यावरही जोड वाळेपर्यंत किंवा बदलेपर्यंत फोन परत येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुम्हीच लिहिलंय, की त्या वेळी आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तुम्ही विश्रामबागेत भावाकडे राहायला गेलात. घर सोडलं की भिंतीवरचा फोन भिंतीवरच राहतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो ठेवलाय, त्याच दिवशी तो आजींच्या जवळ नसतो.

मुका असताना भरलेल्या बिलाबद्दल एक सांगतो. फोन बरेच दिवस बंद राहिला तर त्या काळातल्या भाड्यात सूट मागता येते. त्यासाठी तक्रार नोंदवल्याचा क्रमांक हाताशी हवा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला कागद नसतो. तुमच्याकडे तो क्रमांक असेल तर अर्ज करा.

आता ज्या एका ओळीपाशी मी थांबलो, तिच्याबद्दल लिहितो. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. "सासूबाईंच्या बँक खात्यावर आणि एफडीच्या फॉर्मवर हाच लँडलाइन नंबर दिलेला आहे, तो बदलावा लागेल का?"

ताई, आधी हे काम करा. फोनचा निर्णय पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल.

आजींचं कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात येतं, मुदतठेवी त्याच बँकेत आहेत, एटीएम कार्डही आहे. लँडलाइनवर एसएमएस येत नाही. म्हणजे त्या खात्यातून कुणी पैसे काढले तर तुम्हाला ते पासबुक भरायला गेल्यावरच कळणार. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे, की ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने खात्यातून परस्पर पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याला काहीही नुकसान सोसावं लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर सगळं बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशाच सूचना निघाल्या. आपल्या भागात बहुतेकांची खाती सहकारी बँकांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. हे सगळं संरक्षण वेळेत कळण्यावर उभं आहे, आणि आजींच्या खात्याला वेळेत कळवणारं आज काहीच नाही. २६० रुपयांचा विचार करताना या लाखांकडे घरातल्या कुणाचंच लक्ष गेलं नाही.

इथे सोपा रस्ता म्हणजे तुमचा किंवा यजमानांचा नंबर आजींच्या खात्याला जोडणं. बरेच जण तेच करतात. मला ते फारसं पटत नाही. ओटीपी ज्याच्या हातात, खातं त्याच्या हातात. आज घरात सगळं गोडीचं आहे, उद्या नणंद-भावजयीत वाटणीचा विषय निघाला तर हाच नंबर वादाचं कारण होतो, आणि त्याचा त्रास तुम्हालाच होईल. त्यापेक्षा आजींच्या नावावर, त्यांच्या आधारवर एक सिम घ्या. मोठ्या बटणांचा साधा कीपॅड फोन दीड-दोन हजारांत मिळतो. फक्त तो ४जीवर बोलणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या, कारण प्रत्येक कंपनीकडे २जी असतंच असं नाही. फोन लँडलाइनशेजारीच चार्जिंगला ठेवा. आलेले मेसेज रोज संध्याकाळी आजींना वाचून दाखवा. यात त्यांचा मान राहतो आणि खात्यावर नजरही राहते. पुराच्या वेळी हाच फोन त्यांच्या पिशवीत जाईल.

या सिमला मोठ्या डेटाचा पॅक नको. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. वर्षभराच्या अशा पॅकला साधारण १,८०० रुपये पडतात, म्हणजे महिन्याला दीडशे. दुकानदार हे पॅक आपणहून सांगतोच असं नाही. वर्षभराचाच घ्या. महिन्या-महिन्याचा रिचार्ज एकदा विसरला की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारेही, आणि आजींना ते कळणारही नाही.

यजमानांच्या मोबाइललाही हेच करा. ते बाजारात रोखीने व्यवहार करतात, व्हॉट्सअ‍ॅप घरीच बघतात, असं तुम्ही लिहिलंय. ८४ दिवसांना साडेआठशेच्या जागी साडेचारशेच्या आसपास जातील. तुमचा स्वतःचा पॅक मात्र बदलू नका. मंडईत भाजीवाल्याला यूपीआय करणाऱ्या तुम्ही आहात, बाहेर पडल्यावर डेटा लागणारच.

आता फायबर. ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ रुपये होतात. सध्याच्या बिलापेक्षा ३२९ जास्त. यजमानांच्या पॅकमधून महिन्याला १४० वाचतील. मुलगी दर महिन्याला डेटा संपला म्हणून जे वरचे रिचार्ज मारते, ते सत्तर-ऐंशीचे तरी असतील, तेही थांबतील. आजींच्या सिमचे १५० मिळवले तर घरखर्च महिन्याला साधारण अडीचशेने वाढतो. तुम्ही २६० वाचवायला विचारलंत आणि मी अडीचशे वाढवून देतोय, याची मला जाणीव आहे. तरी माझा सल्ला हाच आहे. मुलगी बारावीत आहे, मुलगा सुट्टीत घरून काम करतो, घरात इंटरनेटची गरज खरी आहे. ती नसती तर मी फायबर घ्यायला सांगितलं नसतं. सिमवर चालणारा टेबलफोन आणून आजींच्या जागेवर ठेवा म्हटलं असतं, तो दोन-तीन हजारांत येतो.

फायबर घेताना हे लक्षात असू द्या, की काचेच्या तारेतून वीज येत नाही. वीज गेली की फायबरचं घरातलं यंत्र बंद आणि त्यासोबत फोनही. हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस त्या यंत्राला लावला तर काही तास निघतात. सांगलीत उन्हाळी वादळात दोन-दोन तास वीज जाते, तेवढ्याला तो पुरेल. पुरापुढे पुरणार नाही, म्हणून तर आजींचा कीपॅड फोन. टेबलावरचा फोन मात्र कॉर्डलेस न घेता वायरचाच घ्या, मोठ्या आकड्यांचा आणि घंटीचा आवाज वाढवता येईल असा. तो ठेवायचा आत्ता फोन आहे तिथेच, पुठ्ठ्याखाली.

नंबराचं यजमानांना वाटणारं मोल मी हलकं मानत नाही. पस्तीस वर्षं लोकांनी तो पाठ केलाय. जुनाच नंबर फायबरवर आणून मिळेल का, हे कंपनीला विचारा आणि हो म्हणाले तर लेखी घ्या. मोबाइलचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, लँडलाइनचा तसा नेता येत नाही, त्यामुळे तो हवा असेल तर फायबरही त्याच कंपनीचं घ्यावं लागेल. तिथे सेवा बरी नसेल आणि दुसऱ्याकडे चांगली असेल, तर नंबर सोडा. रोज वाजणारे फोन मिरज आणि तासगावचे आहेत, बाकीच्यांना नवा नंबर एका रविवारी कळवून होईल.

जुनी जोडणी सोडताना घाई नको. नवा फोन महिनाभर नीट वाजतोय, आजींना त्याची सवय झालीय, हे बघा आणि मग जुना बंद करायचा अर्ज द्या. त्या एका महिन्याची दोन बिलं भरायला माझी हरकत नाही. जोडणी अजून मामंजींच्या नावावर आहे, त्यामुळे नंबर ठेवायचा असो की सोडायचा, त्यांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागेल. नणंदबाईंची सही त्या मिरजेहून आल्या की घेऊन ठेवा. १९९१ ची अनामत बिलावर किंवा जुन्या पावतीवर सापडेल. बाकी वजा जाता ती परत मिळते, फक्त अर्जात ती स्पष्ट मागा आणि पोच घ्या. फोनचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून ठेवायचं असंही यजमान म्हणतात. दिवंगत माणसाच्या नावाचं बिल घरातल्या कुणाच्याच केवायसीला चालणार नाही. विजेचं बिल यजमानांच्या नावावर आहे, ते पुरेसं आहे.

आजींना नव्या फोनवर एकच गोष्ट पक्की शिकवा. पोलीस, बँक, कस्टम असं कुणी काहीही सांगितलं आणि पैशाचं किंवा आधारचं नाव काढलं, तर उत्तर न देता फोन ठेवायचा आणि तुम्हाला हाक मारायची. पुठ्ठ्यावर सगळ्यात वर १९३० लिहा, पैसे गेल्याचं कळताच ऑनलाइन फसवणुकीची तक्रार त्या नंबरवर करायची. त्याखाली ११२. या दोन नंबरांच्या आधी शून्य नको, हेही आजींना सांगा.

बँकेत सोमवारी जा. आजींना सोबत न्या, सही त्यांचीच लागेल. सिम आधी घेतलेलं असू द्या, पासबुक आणि आधार बरोबर ठेवा, आणि नंबर नोंदवल्यावर खिडकीवरून उठायच्या आत पहिला एसएमएस आला का ते तिथेच बघा.