खाऱ्या दलदलीतील कोअर हाती घेण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दलदलीतून पाच मीटर लांबीचा पहिला कोअर, म्हणजे नळीने काढलेला थरांचा उभा नमुना, अखंड वर आला, हे वाचून फार आनंद झाला. त्यातील नमुने लगेच कालमापनासाठी पाठवावेत असे तुला वाटते. ते मात्र सध्या थांबव, असे मी आग्रहाने सांगतो. एखादा थर किती वर्षांपूर्वी साचला हे कळले, तरी तो साचला तेव्हा समुद्र कोणत्या उंचीवर होता हे त्यावरून कळत नाही. ते कळण्याची किल्ली आज तुझ्या पायांखाली असलेल्या जिवंत दलदलीत आहे, आणि तुझ्या पत्रात तिच्या पाहणीचा उल्लेख नाही.

खारी दलदल समुद्रपातळीची साक्ष देऊ शकते, ती केवळ तिच्या जागेमुळे. सरासरी समुद्रपातळीच्या वर आणि उधाणाच्या भरतीच्या सर्वोच्च रेषेच्या आत, एवढ्याच अरुंद पट्ट्यात ती वाढते. पातळी सावकाश चढत गेली की दलदलीवर पाणी अधिक वेळा येते, गाळ अधिक साचतो, मुळ्या आणि खोडे कुजण्याआधीच पुरली जाऊन त्यांचे पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, होते, आणि दलदलही पाण्याबरोबर वर चढते. या पट्ट्याच्या आतही पुन्हा पट्टे असतात. खालच्या भागावर जवळजवळ प्रत्येक भरतीचे पाणी येते, तर वरचा काठ फक्त मोठ्या उधाणात भिजतो. आणि पाण्याखाली राहण्याचा हा काळ बदलला की तेथे राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या (कवचधारी सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) जाती बदलतात. डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये हे उभे पट्टे पूर्वीच्या समुद्रपातळीचे नेमके निदर्शक ठरू शकतात असे दाखवून दिले, आणि आपले बरेचसे काम आजही त्याच पायावर उभे आहे. मिलिॲमिना फुस्का खालच्या दलदलीत विपुल, जडॅमिना मॅक्रेसेन्स वरच्या काठाकडे विपुल, असा क्रम तुला अनेक किनाऱ्यांवर भेटेल. पण तो तुझ्या किनाऱ्यावर कोणत्या उंचीला बदलतो, हे तुलाच मोजावे लागेल. या जाती वाळूचे बारीक कण चिकटवून आपले कवच बांधतात, म्हणून त्या आम्लधर्मी पीटमध्ये टिकतात. चुनखडीची कवचे तेथे विरघळून जातात, त्यामुळे कोअरमध्ये ती दिसली नाहीत म्हणून ती कधी नव्हतीच असे समजू नकोस.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. चिखलाच्या सपाटीपासून कोरड्या जमिनीच्या काठापर्यंत एक सरळ रेषा आख आणि तिच्यावर नमुने घे. पण ते अंतर मोजून घेऊ नकोस, उंची मोजून घे. दलदलीचा माथा इतका सपाट असतो की समान अंतरावर घेतलेले वीस नमुने एकाच उंचीचे निघू शकतात आणि उतारावरचा महत्त्वाचा बदल निसटून जातो. प्रत्येक ठिकाणी वरचा एक सेंटीमीटर थर घे, रोझ बेंगाल हा रंग लाव म्हणजे घेतेवेळी जिवंत असलेले जीव ओळखता येतील, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून धू आणि मोजणी पाण्यातच कर. वाळवलेल्या पीटचे तंतू कवचांना गुंडाळून बसतात. काही जाती पृष्ठभागाखालीही जगतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी थोडे खोलवरचे नमुनेही तपास.

उंचीच्या बाबतीत मी एक चूक केली होती, ती तुझ्याकडून होऊ नये. माझ्या सुरुवातीच्या एका कामात दलदलीची उंची मी अगदी काटेकोर मोजली, पण भरतीच्या पातळ्या खाडीच्या मुखापाशी असलेल्या भरतीमापकाच्या घेतल्या. अरुंद खाडीत आत शिरताना भरती कोठे दबते, कोठे चढते. माझ्या दलदलीतील भरतीचा पल्ला मुखापेक्षा बराच लहान होता. परिणामी सगळे आकडे एकाच दिशेने सरकले. त्यांची मांडणी इतकी सुसंगत होती की चूक मला दोन वर्षे दिसली नाही. म्हणून दलदलीच्या काठावरच पाण्याची पातळी नोंदवणारे यंत्र बसव, ते निदान एक उधाण आणि एक भांग (सर्वांत लहान भरती) पाहील इतके दिवस ठेव, आणि यंत्र, नमुने व कोअरचे तोंड ही तिन्ही एकाच कायमच्या संदर्भबिंदूशी जोड.

यानंतरचे गणित साधे आहे. समजा, एखादा नमुना आजच्या सरासरी समुद्रपातळीच्या १.२० मीटर खाली सापडला आणि त्यातील जाती सांगतात की तो तेव्हाच्या सरासरी पातळीच्या ०.८५ मीटर वर साचला होता. तर त्या वेळी समुद्र आजच्यापेक्षा २.०५ मीटर खाली होता. यातला दुसरा आकडा ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे आजच्या नमुन्यांतील जाती आणि उंची यांच्या नात्यावर बेतलेले गणिती सूत्र, देते, आणि ते नेहमीच काहीतरी आकडा देते, हाच त्यातला धोका आहे. कोअरमधील जातींचा समूह तुझ्या आजच्या नमुन्यांत कोठेच नसेल, तर तो आकडा वापरू नकोस. अनिश्चितता भरतीच्या पल्ल्याबरोबर वाढते, त्यामुळे लहान भरतीचे किनारे या कामाला अधिक अनुकूल असतात.

तू लिहिलेस की तीन मीटर खोलीवर काळपट पीटच्या माथ्यावर राखाडी चिखल एकदम बसलेला आहे. ही तुझ्या कोअरमधील सर्वांत मोलाची रेषा असू शकते, पण तिचा अर्थ एका कोअरवरून लावू नकोस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ब्रायन ॲटवॉटर यांनी अशाच गाडल्या गेलेल्या दलदली अभ्यासल्या आणि १९८७ मध्ये त्या मोठ्या भूकंपात जमीन एकाएकी खचल्याच्या खुणा असल्याचे मांडले. त्यांतील शेवटचा भूकंप २६ जानेवारी १७०० चा, हे पुढे जपानमधील त्सुनामीच्या नोंदींवरून ठरले. परंतु एखादा ओढा पात्र बदलून पीट खरवडून गेला, तरी तशीच धारदार रेषा उमटते. आजूबाजूला आणखी दहा-बारा ठिकाणी साध्या हातकोअरने पाहा. ती रेषा सगळीकडे, सारख्या खोलीवर आणि न खरवडलेली आढळली, तरच पुढचा विचार कर.

पीट स्वतःच्या वजनाने दबते, हेही विसरू नकोस. मधल्या थरांची मूळ उंची त्यामुळे हरवते आणि समुद्र होता त्यापेक्षा खाली असल्याचा भास होतो. कठीण तळावर थेट बसलेले अगदी खालचे पीट सर्वांत कमी सरकते, म्हणून निदान काही तारखा तेथल्या घे.

तारखांसाठी पीटचा गोळा पाठवू नकोस; ज्या वनस्पतीची वाढीची उंची ठाऊक आहे, तिचे ओळखू येणारे खोड निवडून पाठव. १६५० नंतरच्या काळासाठी रेडिओकार्बनवर विसंबता येत नाही, कारण एकाच मापनातून अनेक संभाव्य वर्षे निघतात. वरच्या थरांसाठी शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) वापर. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे असल्याने ते शतकभराच्या आसपास साथ देते. अणुचाचण्यांतून पसरलेल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चे १९६३ चे शिखर सापडले, तर त्या हिशेबाची पडताळणी होईल.

एवढ्या कष्टांतून काय हाती येते, ते नॉर्थ कॅरोलिनातील दोन दलदलींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पाहा. हिमयुगानंतर तेथील जमीन अजूनही खचत आहे. तो वाटा वजा केल्यावर पातळी इ. स. ९५० पर्यंत स्थिर दिसते, मग चारशे वर्षे वर्षाला ०.६ मिलिमीटर चढते, पुन्हा थांबते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्षाला सरासरी २.१ मिलिमीटर चढू लागते. पातळीतला इतका लहान फरक दिसू शकला, कारण तेथील भरती लहान होती आणि उंचीचा प्रत्येक दुवा जपला गेला होता.

तोवर कोअर घट्ट गुंडाळून शीतकपाटात ठेव, गोठवू नकोस. लांबीत चिरशील तेव्हा अर्धा भाग न छेडता राखून ठेव. पुढे नवी शंका आली तर तोच उपयोगी पडेल. आणि दलदलीच्या उतारावरची ती रेषा मोजून झाली की उंचीचा तक्ता आणि जातींची मोजणी, दोन्ही मला पाठव. मी ती तपासली की तारखांचे नमुने कोणते निवडायचे ते आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा शुभचिंतक