गुलाबाचा पहिला संकर करताना

मादी म्हणून, म्हणजे ज्यावर बी धरायचं ते झाड म्हणून, ज्याला आपोआप फळं धरतात तेच झाड निवडा. नुसतं फूल देखणं असून भागत नाही. कळी सैल झाली, पण उमलली नाही, तेव्हाच पाकळ्या काढा आणि चिमट्याने पुंकेसर (परागाचे तंतू) एकूण एक खुडा. एक जरी परागकोश (पुंकेसराच्या टोकाची परागाची पिशवी) फुटला, तर स्वपरागणाची, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग लागल्याची, शंका कायमची राहते. नराचे, म्हणजे पराग देणाऱ्या झाडाचे, परागकोश बशीत दिवसभर सावलीत ठेवा, पिवळी भुकटी सुटते. दुसऱ्या दिवशी मादीची कुक्षी (फुलाच्या मधलं पराग घेणारं टोक) चिकट, ओलसर दिसली की ही भुकटी तिला बोटाने लावा. देठाला चिठ्ठी हवीच: मादीचं नाव आधी, मग नराचं. फळ साधारण ४ महिन्यांनी नारिंगी झालं की काढा. बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रीजमध्ये ६ ते १० आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नको.