पाडव्याला नवीन आयमॅक घेऊ का, विचारलंस म्हणून

पोरी,

काल रात्री अकराला तुझा फोन आला आणि एका दमात विचारलंस, काकू, पाडव्याला नवीन आयमॅक उचलू का, हप्ते बसतात म्हणालेत. मी हो पण म्हणाले नाही आणि नको पण म्हणाले नाही, तू जरा रुसूनच फोन ठेवलास, कळलं मला. फोनवर मी चिडते आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी हे लिहायला बसलेय.

मी तुला एकच विचारलं होतं, अडतंय कुठं? तू म्हणालीस आत्ताच्या आयमॅकवर सगळंच स्लो झालंय. हे उत्तर नव्हे गं. दवाखान्यात जाऊन सगळंच दुखतंय म्हटलं तर डॉक्टर पण आधी इथं दुखतं का तिथं दुखतं का करून हात लावून बघतो, आणि तू डायरेक्ट शरीरच बदलायला निघालीस. तुझ्या मैत्रिणीनं घेतलाय, निळा आहे, टेबलावर झकास दिसतो, हे सगळं तू सांगितलंस, पण कुठलं काम कुठल्या मिनिटाला अडतंय हे एकदा पण सांगितलं नाहीस.

हे मी एवढं का धरून बसलेय ते सांगते. २०१३ साली माझी कोल्हापुरात शाहूपुरीतली खोली दहा बाय बाराची होती, गुळाच्या अडत्यांची बिलबुकं, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हेच काम. टेबलाखाली जुना डबा सीपीयू होता, पेजमेकर आणि मराठी फॉन्ट त्याच्यावर, आणि फॉन्टचं डोंगल, म्हणजे ते लावल्याशिवाय फॉन्ट चालायचेच नाहीत अशी किल्ली, मागं प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं. तेव्हा शेजारच्या दुकानात तुझ्या आयमॅकसारखा ऑल-इन-वन आला, वायरी नाहीत, डबा नाही, नुसता पडदा. मला पण वाटलं गिऱ्हाईक आत आल्यावर बरं दिसेल. घेतला, अठरा हप्त्यांवर. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि डोंगल हातात घेऊन मशीनच्या मागं वाकले तर ते लावायला जागाच नाही. यूएसबीची भोकं चार, प्रिंटरचं पोर्ट नाहीच. तशीच वाकून उभी होते किती वेळ, मागं मिस्टर पेढे घेऊन उभे. त्यानंतर यूएसबीचं डोंगल मिळेपर्यंत कित्येक महिने तो नवा पडदा काउंटरवर भरतकामाच्या रुमालाखाली आणि मी टेबलाखालच्या डब्यावर पत्रिका टाईप करतेय, असं चाललं. हप्ता मात्र दर पाच तारखेला जायचा. मला कुणी फसवलं नव्हतं, मशीन चांगलंच होतं. माझं काम त्या वेळेला कुठं अडतच नव्हतं, आणि जिथं अडणार होतं तिथं मी बघितलंच नाही.

म्हणून म्हणते, अडतंय कुठं ते आधी लिहून काढ. एक दोनशे पानी वही घे, मोबाईलमध्ये नको, वहीच घे, आणि पंधरा दिवस प्रत्येक वेळी थांबावं लागलं की लिही. किती वाजता, काय करत होतीस, किती वेळ चक्र फिरलं. बास.

ऑल-इन-वनला तर हे जास्तच लागतं. डबा वेगळा असतो तेव्हा पडदा गेला तर पडदा बदल, रॅम कमी पडली तर रॅम घाल, आपोआपच तुकड्यातुकड्यानं विचार होतो. इथं सगळं एका अंगात असल्यामुळं एक बोट दुखलं तरी अख्खं मशीन म्हातारं वाटायला लागतं. आणि दुकानदार पण तसंच बोलणार, त्याला अख्खंच विकायचंय.

आता तुझ्या मशीनचं. सत्तावीस इंची, २०१७ चा, ८ जीबी रॅम, १ टीबी फ्युजन ड्राइव्ह, त्या फोटोग्राफरकडून सेकंडहँड घेतलेला, बरोबर? तू लग्नाचे अल्बम करतेस, बारा बाय छत्तीस इंचाचं स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची जोडपानं, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. हिशेब कर, १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल, म्हणजे जवळपास चार कोटी पिक्सेल, एका साध्या लेअरलाच शंभर-सव्वाशे एमबी लागते. दहा-बारा लेअर, शेजारी ब्राउझर उघडा, व्हॉट्सॲप उघडं, गाणी चालू, ८ जीबी कुठं पुरणार? रॅम संपली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं, आणि तुझ्या १ टीबीच्या फ्युजनमध्ये एसएसडीचा, म्हणजे वेगवान चिपवाल्या डिस्कचा, भाग फक्त ३२ जीबीचा आहे, बाकी सगळी फिरणारी तबकडी. मशीन म्हातारं झालेलं नाही गं, ते श्वास घ्यायला धडपडतंय.

मॅकमध्येच ॲक्टिव्हिटी मॉनिटर म्हणून ॲप असतं ते उघड, मेमरीच्या टॅबवर खाली मेमरी प्रेशरचा आलेख असतो. अल्बमचं काम चालू असताना तो पिवळा-लाल झाला तर रॅम कमी पडतेय. हिरवा आहे आणि तरी फाईल उघडायला, सेव्ह करायला वेळ लागतोय तर डिस्क. दोन्ही ठीक आणि नुसतं एक्स्पोर्टला सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन अर्धा अर्धा तास बसतोय, तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय, आणि मग नव्या मशीनचं बोल, मी स्वतः तुझ्याबरोबर राजारामपुरीत येते.

पण मला खात्री आहे पहिली दोनच निघणार. सत्तावीस इंचीला मागं रॅमचं दार आहे, पॉवर केबल काढली की त्या भोकाच्या वर एक बटण आहे, ते दाबलं की दार उघडतं, आत चार खाचे, तुझ्यात दोन भरलेले दोन रिकामे. लॅपटॉपचीच रॅम लागते, डीडीआर४, २४००. आठ-आठच्या दोन घातल्यास की २४ झाली. डिस्कसाठी मात्र मशीन उघडायच्या भानगडीत पडू नको, काच चिकटपट्टीनं चिकटवलेली असते, ती कापून काढावी लागते, आणि परत बसवताना नवी पट्टी. त्यापेक्षा बाहेरून एसएसडी लाव, मागं थंडरबोल्टची दोन पोर्ट आहेत, त्याच्यावर सिस्टीम टाकून तिथूनच चालू कर, आणि एसएसडी स्टँडच्या मागं दुहेरी टेपनं चिकटव, दिसत पण नाही.

आता तू म्हणशील काकू जुनं धरून बसायला सांगते, हिनं स्वतः काय केलं ते माहितीये सगळ्यांना. माहितीये मला काय बोलतात. सांगतेच.

त्या २०१३ च्या मशीनवर मी नऊ वर्षं काम केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शाहूपुरीत शिरली तेव्हा रात्री दोन वाजता तेच मशीन चादरीत गुंडाळून लेकरासारखं कडेवर घेऊन मी वरच्या मजल्यावर नेलं, एकाच अंगात सगळं असल्याचा तेवढा एक फायदा झाला. ते मशीन माझं होतं. २०२१ च्या दिवाळीपासून त्याच्या आतून टक टक आवाज यायला लागला, बारीक, पंख्याखाली बसलं तर ऐकू पण यायचा नाही. मला ऐकू येत होता. मी म्हणायचे लग्नसराई जाऊ दे मग बघू. २०२२ च्या मे महिन्यात एका सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली आणि डिस्क गेली ती गेलीच. चाळीस पानांचा अल्बम होता आत, प्रिंटला जायचा होता, आणि फोटोग्राफरनं कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. पैसे परत केले, ते काही नाही. नवरीची आजी त्या लग्नात खुर्चीत बसून होती, नऊवारी, नाकात नथ, अक्षता टाकताना हात वर केलेला एक फोटो होता, मी तो अख्ख्या पानावर घेतला होता. पावसाळ्यात ती आजी गेली आणि तिचा मुलगा दुकानात येऊन विचारून गेला, निदान तो एक तरी मिळंल का. नव्हता मिळत.

सगळे म्हणाले, नऊ वर्षांचं मशीन, वेळेत बदलायचं नाही का. मी आज पण म्हणते, मशीन बदलायचं नव्हतं. डिस्क बदलायची होती, आणि दुसरी प्रत ठेवायची होती. मशीन ठणठणीत होतं, पडदा, रॅम, बोर्ड, सगळं. अडत होतं एकाच ठिकाणी, ते मला सहा महिने ऐकू येत होतं आणि मी वहीत लिहिलं नाही. आवाज आला त्याच दिवशी लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी डिस्क आणली असती. म्हणून मशीनच्या वयाची मला भीती घालू नये कुणी, मला माझ्या कानाडोळ्याची भीती वाटते.

तुझ्याकडं दुसरी प्रत आहे का? मला माहितीये नाही. आज संध्याकाळी एक बाहेरची हार्डडिस्क घे, मॅकमधलंच टाइम मशीन चालू कर, ते आपोआप दुसरी प्रत ठेवतं, नवीन आयमॅकचं नंतर बोलू. हे मी सांगत नाहीये, बजावतेय.

तुझं मशीन कायमचं पुरंल असं मी म्हणत नाही. मॅकच्या सिस्टीमच्या आवृत्त्यांत ते व्हेंचुराच्या पुढं जात नाही, त्याच्या पुढच्या सोनोमाला २०१९ चं मशीन लागतं, आणि ॲपलनं जून २०२५ मध्ये सांगूनच टाकलंय की टाहो ही आवृत्ती तुझ्यासारख्या इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठी शेवटची. तुझ्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एक दिवस म्हणणार, ही सिस्टीम चालत नाही, आणि फोटोग्राफर नव्या आवृत्तीतली फाईल पाठवणार. त्या दिवशी खरं अडलं. तसंच सिक्युरिटीचं, बँकेचं काम त्याच्यावर करत असशील तर बंद कर, मोबाईलवर कर. विंडोजवाल्यांचं पण हेच, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्या लाईनीतल्या निम्म्या लोकांचा प्रोसेसर ११ ला चालत नाही, चांगली मशीनं पडून आहेत. आणि पार्टचं, विक्री बंद होऊन सात वर्षं झाली की ॲपल ते मशीन कालबाह्य यादीत टाकतं, मग पार्ट मिळायची वणवण. ही तीन कारणं खरी. निळा रंग हे कारण नाही, पाडवा हे पण कारण नाही.

आणि ते कारण आलंच, तर परत तोच प्रश्न विचार. नवा आयमॅक चोवीस इंची आहे, सत्तावीसचा ॲपलनं २०२२ मध्येच बंद केला. तू सत्तावीस इंची पाच के, म्हणजे एकदम बारीक दिसणाऱ्या, पडद्यावर अख्खं छत्तीस इंची स्प्रेड बघायला सवकलेली आहेस, चोवीसवर झूम करून करून मान दुखंल. त्यात रॅम चिपमध्येच असते, नंतर घालता येत नाही, घेताना जेवढी घेशील तेवढीच जन्मभर. ॲपलच्या स्वतःच्या एम४ चिपचा आयमॅक २०२४ मध्ये आला तेव्हा १,३४,९०० पासून होता आणि तोच एम४, १६ जीबीचा मॅक मिनी, म्हणजे पडद्याशिवायचा नुसता छोटा डबा, ५९,९०० ला. मधल्या पैशात पडदा, एसएसडी, यूपीएस, सगळं बसतं आणि पुढच्या वेळी नुसता मिनी बदलला की झालं. तुझ्या आत्ताच्या आयमॅकचा तो सुंदर पडदा नव्या मशीनला जोडून वापरता येत नाही, केबल लावून चालायची ती सोय २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांनाच होती, याचं मला खरंच वाईट वाटतं. एवढा चांगला पडदा, आणि डोकं थकलं की तो पण जाणार. म्हणूनच जेवढे दिवस जगवता येतंय तेवढे जगव.

तू हुशार आहेस, तुझं रंगांचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे तुला ठाऊकच आहे म्हणून परत सांगत बसत नाही. पण तू घाबरलीस की खरेदी करतेस, हे मी तीन वर्षं बघतेय. पहिला टॅबलेट पण असाच आणलेलास.

शनिवारी दुपारी दुकानात ये, जेवून ये नाहीतर इथंच भाकरी खाऊ. येताना वही आण, निदान चार दिवसांचं तरी त्यात लिहिलेलं असू दे. रॅमची चौकशी राजारामपुरीत दोन दुकानांत करून ठेव, भाव लिहून आण, विकत मात्र घेऊ नको. मशीन गाडीवर आणू नको, मी पेचकस घेऊन तुझ्याकडंच येते, खाली चादर अंथरून त्याला पालथं घालू आणि दार उघडून आधी तुझे दोन खाचे खरंच रिकामे आहेत का ते बघू.

तुझी,
काकू