उन्हातले घरचे फोटो : वाचकांचे प्रश्न

आखाजी आणि लग्नसराई तोंडावर आल्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : ऊन भरपूर, फ्लॅशही आहे, तरी माणसांचे चेहरे काळे नाहीतर चुन्यासारखे पांढरे. उत्तरांतले आकडे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि चार पेन्सिल सेलवर चालणारा साधा फ्लॅश (३५ मिमी झूमवर गाइड नंबर ३६ मीटर) धरून दिले आहेत. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या जोराचा आकडा, त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर त्याच्या पुस्तिकेत मिळेल. मात्र खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा जास्तीत जास्त झूमवरचा असतो, तो हिशेबात धरू नका.

प्रश्न : आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींचे, भाच्यांचे फोटो दरवर्षी अंगणातल्या निंबाखाली झोक्यावर काढतो. दुपारची वेळ असते. चेहऱ्यांवर उन्हाचे कवडसे पडतात. फ्लॅश मारला तरी ते जात नाहीत. काय करावं? (अमळनेर तालुका)

फ्लॅश कितीही जोरात मारला तरी कवडसे जाणार नाहीत, आणि त्याचं कारण साध्या बेरजेत आहे. कवडशाच्या जागी सावलीच्या साधारण आठपट, म्हणजे तीन स्टॉप जास्त उजेड असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). तुमच्या फ्लॅशने उन्हाइतकाच उजेड टाकला असं समजू. सावलीत १/८ होता, तो एक पूर्णांक एक-अष्टमांश झाला. कवडशात १ होता, तो २ झाला. म्हणजे जवळजवळ एका स्टॉपचा फरक उरलाच. फ्लॅश उजेड वाढवतो, आधीचा पुसत नाही.

तेव्हा पहिलं काम कवडसे अडवण्याचं. एक पांढरं धोतर दुहेरी करा आणि घरातल्या दोन उंच पोरांना ते डोक्याच्या मीटरभर वर, फ्रेमच्या बाहेर, ताणून धरायला सांगा. पाच-इन-वन रिफ्लेक्टर (उजेड परतवणारी घडीची चकती) असेल तर त्यातली अर्धपारदर्शक चकती हेच काम करते. कापड पांढरंच हवं. मांडवाचं लाल-पिवळं कापड किंवा अंगणावर बांधलेली हिरवी शेडनेट वर असेल तर तोच रंग गालांवर उतरतो आणि नंतर कॉम्प्युटरवर काढता काढता नाकी नऊ येतात.

ऊन अडवलं की चेहरा मागच्या उघड्या अंगणापेक्षा बराच अंधारा दिसतो. आता फ्लॅशची पाळी. आधी फ्लॅश बंद ठेवून शटर १/२०० (सेकंद) करा आणि मागचं अंगण नीट दिसेपर्यंत ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) बदला. दुपारी ते एफ/८ ते एफ/११च्या आसपास येईल. चेहरा काळाच राहील, राहू द्या. मग फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर, चेहऱ्यापासून दोन मीटरवर, डोक्याच्या हातभर वर लावा आणि मॅन्युअलवर १/४ पॉवरने सुरुवात करा. जास्तच पांढरं दिसलं तर १/८, कमी पडलं तर १/२. शटर फक्त मागच्या उजेडावर चालतं, फ्लॅशवर त्याचा परिणाम नाही. ॲपर्चर दोन्हींवर चालतं. म्हणून एकदा ॲपर्चर ठरलं की त्याला हात लावू नका, फ्लॅशची पॉवरच खालीवर करा.

झोक्याचं एक वेगळं आहे. झोका कॅमेऱ्याच्या दिशेने येत-जात असेल तर फ्लॅशपासूनचं अंतर एका हेलकाव्यात एक मीटरचं तीन मीटर होतं, आणि उजेडात नऊपट फरक पडतो. झोका फ्रेममध्ये आडवा घ्या, फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच ठेवा. झोका टोकाला जाऊन क्षणभर थबकतो तेव्हा बटण दाबा. धोतर झोक्याच्या एका टोकापुरतंच धरलं तरी पुरतं.

आणि वेळ बदलता येत असेल तर बदलाच. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, आणि घड्याळात ती वेळ बाराची नसून साधारण साडेबाराची असते, कारण खान्देश भारतीय वेळेच्या रेखावृत्तापासून बराच पश्चिमेला आहे. अकरा ते दोनमध्ये डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेवढा वेळ सगळ्यांना ओट्याच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून बसवा. समोरच्या तापलेल्या जमिनीवरून येणारा उजेड मऊ असतो आणि तिथे फ्लॅशची गरजही पडत नाही.

प्रश्न : फ्लॅश लावून १/५०० ठेवलं की फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा येतो. कॅमेरा बिघडला का? (पारोळा)

नाही. शटरचे दोन पडदे असतात. १/२०० किंवा १/२५०पर्यंत (कॅमेऱ्यानुसार) एका क्षणी सगळा सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि फ्लॅशच्या लखलखाटात तो मध्ये येतो. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) चालू केलं तर पट्टा जातो, पण फ्लॅशचा जोर दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटतो. आपल्या उन्हात एवढा तोटा परवडत नाही. मागचं धूसर हवं म्हणून ॲपर्चर उघडायचं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा. तीन स्टॉपचा फिल्टर एफ/११चं एफ/४ करून देतो आणि शटर १/२००वरच राहतं. फ्लॅश मात्र एफ/११ला लागत होता तेवढाच लागेल.

प्रश्न : केळीच्या बागेत आई-बाबांचे फोटो काढले. दोघांचे चेहरे हिरवट आले. (रावेर)

बागेत उजेड पानांतून गाळून येतो आणि बाजूच्या पानांवरून परततो, म्हणजे दोन्हीकडून हिरवाच. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या मोठ्या करून बघा. हिरवा रंग आधी तिथे दिसेल, मग हनुवटीखाली.

सगळ्यात सोपं म्हणजे दोन ओळींच्या मधोमध न जाता बांधावर, बागेच्या कडेला उभं करायचं. केळी पाठीशी आणि तोंड उघड्या आभाळाकडे. बाग तेवढीच दिसते, हिरवेपणा चेहऱ्यावर येत नाही. आतलेच फोटो हवे असतील तर नुसतं व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सोय) बदलून पुरतं भागत नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला हिरवा जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. तिथे फ्लॅशचा उजेड बागेच्या उजेडापेक्षा वरचढ व्हायला हवा. बागेचा उजेड एक स्टॉपने कमी करा (शटर १/१०० असेल तर १/२००), आणि ६० सेंमीचा लहान सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून मीटरभरावर आणा. ओळींमध्ये फ्लॅशचा उजेड पसरवणारी मोठी छत्री धड उघडत नाही आणि पानं फाडते. सावलीतल्या उजेडाला १/८ पॉवर पुष्कळ होते.

रिफ्लेक्टरला केळीचा चीक लागू देऊ नका. वाळला की तपकिरी डाग पडतो तो कायमचा.

प्रश्न : चांदीचा रिफ्लेक्टर घेतला. ज्याच्यावर धरावा तो डोळे बारीक करतो. (धुळे)

चांदीची बाजू उन्हात आरशासारखीच. ती दूरवरून, तीन-चार मीटरवरून वापरायची. जवळून पांढरी बाजू धरा. सोनेरी बाजू आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर कावीळ झाल्यासारखी दिसते, ती बासनातच असू द्या.

धरण्याची पद्धतही तपासा. माणसाची पाठ सूर्याकडे, ऊन एका खांद्यावरून येतंय असं उभं करा. रिफ्लेक्टर धरणाऱ्याने तो आधी खाली झुकवून उजेडाचा ठिपका माणसाच्या पायांजवळ जमिनीवर शोधावा, मग हळूहळू वर सरकवत छातीपर्यंत आणि तिथून चेहऱ्यावर न्यावा. थेट चेहऱ्यावर झोत मारला की माणूस दचकतो आणि नंतर सगळे फोटो कपाळाला आठ्या घालूनच येतात. रिफ्लेक्टर छातीच्या उंचीला आणि बाजूला हवा. गुडघ्याजवळून वर धरला की नाकाची सावली कपाळाकडे जाते आणि घरातली माणसं भुतासारखी दिसतात. ज्यांचे डोळे फारच नाजूक आहेत त्यांना मिटून घ्यायला सांगा, "तीन" म्हटल्यावर उघडा म्हणावं आणि लगेच क्लिक करा.

११० सेंमीचा रिफ्लेक्टर एक-दोन माणसांना पुरतो. तिघांच्या पुढे तो घेऊन नाचण्यात अर्थ नाही. काळ्या जमिनीचं शेत असेल तर पायाशी, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरून बघा. काळी माती उजेड गिळते, त्यामुळे हनुवटीखालचा भाग तिथे जास्तच अंधारा येतो.

प्रश्न : हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. चौदा माणसांचा दोन रांगांत फोटो. छत्री लावून फ्लॅश डावीकडे ठेवला तर डावीकडचे काका पांढरे फटक आणि उजवीकडची मंडळी अंधारात. (यावल)

अंतर मोजा. रांग चार मीटर रुंद धरली तर तुमचा फ्लॅश काकांपासून दीड मीटरवर आणि शेवटच्या माणसापासून सुमारे साडेचार मीटरवर असणार. अंतर तिप्पट, उजेड एक-नवमांश. हा तीन स्टॉपचा फरक छत्रीने मिटत नाही.

फ्लॅश मागे घ्या. रांगेपासून साडेचार मीटर, कॅमेऱ्याच्या मीटरभर डावीकडे, अडीच मीटर उंच, आणि तोंड दूरच्या टोकाच्या माणसाकडे वळवलेलं. आता जवळचा माणूस सुमारे ४.६ मीटरवर आणि लांबचा ५.४वर येतो. फरक अर्ध्या स्टॉपहून कमी, आणि तोंड वळवल्यामुळे उरलेलाही भरून निघतो.

पण इतक्या लांबून छत्री परवडत नाही. ती दोन स्टॉप खाते. उघड्या फ्लॅशचा हिशेब : ३६ भागिले ५, म्हणजे फुल पॉवरला एफ/७ आणि थोडं वर. एफ/८ला किंचित कमी, एफ/५.६ला भरपूर. तेव्हा वेळ अशी निवडा की मागचं शेत १/२००ला एफ/५.६वर नीट यावं. डिसेंबरात ती संध्याकाळी पाचच्या सुमारास येते. त्याआधी काढायचाच असेल तर एकाच स्टँडवर दोन फ्लॅश बांधा, जोर दुप्पट होतो, म्हणजे एक स्टॉप मिळतो. आयएसओ वाढवून काही हाती लागत नाही, कारण फ्लॅशबरोबर ऊनही तेवढंच वाढतं.

फ्लॅश वेगळा ठेवताना रेडिओ ट्रिगरच (फ्लॅश बिनतारी पेटवणारं यंत्र) वापरा. दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट बघून पेटणारी सोय घरात चालते, उन्हात दगा देते. आणि पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चालू असताना मंडळींना धुराच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं करा. फ्लॅश आणि चेहरे यांच्यामध्ये धूर आला की फोटोभर पांढरा पडदा येतो.

प्रश्न : आजोबांचा चष्मा उन्हात काळा होतो आणि फ्लॅश काचेत दिसतो. शिवाय टोपी पांढरी असल्याने फोटोत ती नुसती पांढरीफटक येते. (चोपडा)

काळी होणारी काच उन्हातल्या अतिनील किरणांनी काही सेकंदांतच गडद होऊ लागते आणि परत स्वच्छ व्हायला काही मिनिटं घेते. म्हणून चष्मा घरात ठेवा, फ्लॅश-कॅमेरा सगळं जुळवून झाल्यावरच आजोबांच्या हातात द्या आणि लगेच दोन-चार फोटो घ्या. फ्लॅश वर आणि बाजूला सरकवा. तरी काचेत दिसला तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि चमक फ्रेमबाहेर जाते. टोपीसाठी फ्लॅशचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे करा. फ्लॅश वर असला की टोपीच त्याला सगळ्यात जवळ असते.

प्रश्न : प्रकाश्याला तापीकाठी सूर्यास्ताला कुटुंबाचे फोटो काढले. नदी सोनेरी, माणसं निळसर. (शहादा)

फ्लॅशचा उजेड भर दुपारच्या उन्हाच्या रंगाचा, सुमारे ५५०० केल्विन. मावळतीचं ऊन त्याहून बरंच तांबूस. दोन्ही एका फोटोत आले की माणसं थंड दिसणारच. फ्लॅशच्या तोंडावर अर्ध्या ताकदीची नारिंगी जेल (दुकानात 'हाफ सीटीओ' म्हणून मागा) लावा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. पूर्ण ताकदीची जेल मावळतीलाही जास्तच होते. उजेड झपाट्याने उतरत असतो, म्हणून दर पाच मिनिटांनी शटर एकेक पायरी सावकाश करत जा. फ्लॅशला हात लावायचं कारण नाही.

प्रश्न : मे महिन्यात लग्नात फ्लॅश मध्येच बंद पडतो. (भुसावळ)

तापतो. पारा ४५च्या आसपास असताना फुल पॉवरने लागोपाठ फोटो काढले की आतली संरक्षक यंत्रणा त्याला थांबवते, आणि ते बरंच आहे. दहा मिनिटं सावलीत ठेवा, ओला रुमाल गुंडाळू नका. फ्लॅश निम्म्या अंतरावर आणला तर पॉवर एक-चतुर्थांश लागते, तोच खरा उपाय. प्लॅस्टिकचं टोपण तोंडावर असेल तर काढा, त्यात उष्णता कोंडते. सेल आणि लिथियम बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. आणि वावटळीचा भरवसा नाही : छत्री लावलेल्या स्टँडला पाच लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधा, किंवा सरळ एका भाच्याला धरायला उभं करा.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. (साक्री)

मोबाइलचा फ्लॅश उन्हात विसरा, मीटर-दीड मीटरपलीकडे तो पोचतच नाही. थर्माकोलची पांढरी शीट घ्या, सूर्य माणसाच्या पाठीशी ठेवा, शीट फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे ठरतो, मग एक्स्पोजरची पट्टी जराशी खाली ओढा. उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर डोक्यावरून गमछा घेऊन बघा.