शॅमेलिऑनचं पिल्लू वाटीतलं पाणी पीत नाही, काय करू? (बडोदा)

वाटी काढून टाका आणि पानांवर पाणी फवारा. शॅमेलिऑनला साठलेलं पाणी सहसा ओळखू येत नाही, तो पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. मी व्हेल्ड ही परदेशी जात पाळतो. जाळीच्या पिंजऱ्यात कीटकनाशक न फवारलेली जास्वंदीची कुंडी ठेवा, पानं कुरतडली तरी चालतं. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा द्या आणि पिल्लू पिऊ लागलं की लगेच थांबू नका. मधल्या वेळात पिंजरा नीट सुकलाच पाहिजे, नाहीतर श्वसनाचा संसर्ग होतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात फवारे कमी करा. शीमधला पांढरा भाग गडद पिवळा-केशरी दिसला किंवा डोळे आत गेले, तर पाणी कमी पडतंय, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. आणखी एक, खिडकीच्या काचेतून यूव्हीबी (उन्हातले हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) जवळजवळ येत नाही. यूव्हीबी ट्यूब हवीच, खायला द्यायच्या रातकिड्यांना कॅल्शियमची पूडही लावा, नाहीतर वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. हे सगळं परदेशी जातीसाठी. झाडावरून पकडलेला देशी शॅमेलिऑन असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पाळता येत नाही. वन विभागाला कळवा.