कूटचलन, आभासी चलन की मालमत्ता?

प्रश्न असा आला आहे : 'क्रिप्टोकरन्सी आणि जागतिक राजकारण या विषयावरच्या लेखाचं भाषांतर करतो आहे. क्रिप्टोकरन्सीला आभासी चलन म्हणावं, कूटचलन की गुप्तचलन? शिवाय मूळ लेखक कधी करन्सी म्हणतो, कधी ॲसेट, म्हणजे मालमत्ता. दोन्हीकडे चलन लिहिलं तर बिघडेल का?'

बिघडेल. खरी मेख या दुसऱ्या प्रश्नातच आहे, पण आधी पहिला निकालात काढू.

गुप्तचलन सरळ बाद करा. 'क्रिप्टोस' म्हणजे ग्रीकमध्ये लपलेलं, हे खरं. पण इथे लपलेलं आहे काय? बिटकॉइनची खातेवही कुणीही उघडून वाचावी अशी आहे. झाकलेलं असतं ते फक्त माणसाचं नाव, आणि तेही कायम झाकलेलं राहतंच असं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं इथर (बिटकॉइनसारखंच दुसरं चलन) चोरीला गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं आणि चोरीचा माल खातेवहीतल्या ज्या डिजिटल पत्त्यांवरून फिरत होता ते पत्तेच छापून टाकले. चोर पळतो आहे आणि सगळं जग त्याची पावलं मोजतं आहे, याला गुप्त कोणत्या तोंडाने म्हणायचं?

कूटचलन हा व्युत्पत्तीला धरून असलेला शब्द. यातलं 'क्रिप्टो' आलं ते क्रिप्टोग्राफीतून, म्हणजे कूटलेखनातून. हिंदीत कूटमुद्रा बऱ्यापैकी चालतो. अडचण एवढीच, की संस्कृतात कूट म्हणजे खोटंसुद्धा. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटतुला म्हणजे खोटा तराजू, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कूटरूप म्हणजे चक्क बनावट नाणं! मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांना हा शब्द फारच आवडेल. आजच्या मराठी वाचकाला मात्र कूट म्हटल्यावर कूटप्रश्न आणि कूटनीती आठवते, खोटं नाणं नाही. त्यामुळे शब्द टाकाऊ नाही; पुस्तकी आहे, इतकंच.

आभासी चलन वर्तमानपत्रांनी रुळवला. मला तो पटत नाही. आभास म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटणं. मग बँक खात्यातला आकडा तरी कुठे हाताला लागतो? त्याहून मोठा घोटाळा पुढे होतो. चीनचा ई-युआन, भारताचा ई-रुपया ही मध्यवर्ती बँकांनी काढलेली डिजिटल चलनंही पडद्यावरच दिसतात. वाचक त्यांना आणि बिटकॉइनला एकाच पोत्यात भरतो. एकामागे सरकार उभं आहे, दुसरं सरकार नको म्हणूनच जन्माला आलं. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे त्या खातेवहीचं पहिलं पान, तयार झाला, त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरलेला आहे : बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या उंबरठ्यावर अर्थमंत्री. जन्मपत्रिकेतच भांडण लिहिलेलं आहे म्हणा ना.

हे भांडण मराठी शब्दांतही दिसतं. पैशाला आपल्याकडे मुद्रा आणि चलन असे दोन शब्द. मुद्रा म्हणजे ठसा, कुणीतरी अधिकाराने उमटवलेला. चलन म्हणजे जे चालतं ते. ठसा राजाचा, चालवणारे लोक. इंग्रजी करन्सीच्या मुळाशीही लॅटिनमधलं 'धावणं' आहे. ते धावतं, आपलं चालतं. बिटकॉइनवर कोणत्याही राजाचा ठसा नाही, म्हणून मराठीत क्रिप्टोमुद्रा लिहू नये, चलनच लिहावं, असं माझं मत.

(इथे माझा मलाच एक आक्षेप. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार पाठवणाऱ्याच्या डिजिटल सहीने पक्का होतो, म्हणजे ज्याची त्याची मुद्रा असतेच. आणि जुन्या पत्रांतली मोर्तब आठवा : मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का, म्हणजे त्याखाली कुणी मागाहून ओळ घुसडू नये. ब्लॉकचेन, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या ब्लॉकांची ती खातेवही, दुसरं काय करते? शिक्कामोर्तब हा शब्द तिला इतका चपखल बसतो की तो कुणी वापरत कसा नाही याचंच नवल वाटतं.)

आता करन्सी आणि ॲसेट. मूळ लेखक इथे शब्द बदलतो तो कंटाळा टाळायला नव्हे. कोणतं सरकार काय म्हणतं यावर तिथला कर, बंदी आणि परराष्ट्र धोरण ठरतं. चलन म्हटलं की छापण्याच्या मक्तेदारीला दुसरा दावेदार मान्य केल्यासारखं होतं. म्हणून बहुतेक सरकारं तो शब्द टाळतात. चीनने २०१३मध्येच बिटकॉइनला 'आभासी वस्तू' ठरवलं आणि २०२१मध्ये त्याचे सगळे व्यवहार बेकायदा केले. अमेरिकेच्या करखात्याने २०१४मध्ये मालमत्ता म्हटलं. युरोपीय संघाच्या कायद्याच्या नावातच क्रिप्टो-ॲसेट आहे. भारताने २०२२च्या अर्थसंकल्पात ३० टक्के कर लावला तो 'आभासी डिजिटल मालमत्ते'वर. चलन म्हणायचं नाही, पण कर सोडायचा नाही!

उलट बाजूला एल साल्वादोर. २००१पासून अमेरिकी डॉलर वापरणाऱ्या या देशाने सप्टेंबर २०२१मध्ये बिटकॉइनला वैध चलन केलं. त्यांच्या स्पॅनिश शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ 'कायद्याने चालणारं नाणं'. आपल्या चलनाशी किती जवळचा! पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज हवं झालं आणि जानेवारी २०२५मध्ये कायदा बदलला : बिटकॉइन घेण्याची सक्ती गेली, कर बिटकॉइनमध्ये भरता येणं बंद झालं. ज्यात सरकार स्वतःचा कर घेत नाही ते कसलं वैध चलन? शब्द उरला, चालणं गेलं.

रशियाचं उदाहरण तर तुमच्या भाषांतरात बहुधा येईलच. तिथल्या कायद्यात नाव 'डिजिटल चलन' असंच आहे, पण २०२१पासून देशात त्याने वस्तू-सेवांचे पैसे चुकवायला मनाई. मग युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली, बँकांच्या वाटा बंद झाल्या आणि २०२४मध्ये परदेशी व्यापाराची देणी त्यात भागवायला परवानगी मिळाली. नावात चलन, घरात चालत नाही, सीमेबाहेर चालतं. अशा वाक्यात 'मालमत्ता' घातलीत तर सगळा मुद्दाच हातचा जाईल.

गंगाजळीवरून आठवलं. मोडायची नाही अशी राखून ठेवलेली शिल्लक, हा तिचा मराठी अर्थ. मार्च २०२५मध्ये अमेरिकेने जप्तीतून आलेले बिटकॉइन विकायचे नाहीत, राखून ठेवायचे, असा आदेश काढला. 'सामरिक राखीव निधी' असा जडजंबाल तर्जुमा करण्यापेक्षा बिटकॉइनची गंगाजळी म्हणा, लगेच कळेल. पण तिथेही चलन म्हणू नका. तिजोरीत पडून राहायचं ते चालत नाही, ती ठेव झाली.

राहिलं स्टेबलकॉइन, म्हणजे किंमत डॉलरसारख्या चलनाला बांधून ठेवायचा प्रयत्न करणारं नाणं. कुणी 'स्थिर नाणं' लिहिलेलं दिसलं तर खोडा. ते स्थिर असतं ते डॉलरच्या हिशेबात, आणि तेही जमलं तर : मे २०२२मध्ये टेरा या क्रिप्टो-प्रकल्पाचं तथाकथित स्थिर नाणं कोसळून मातीमोल झालं. टेथरसारखी प्रमुख नाणी डॉलरला बांधलेली असतात आणि त्यांच्यामागच्या तारणात अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे मोठ्या प्रमाणावर असतात. म्हणजे लागोस किंवा ब्युनोस आयरिसमधल्या माणसाने स्वतःच्या घसरत्या चलनातून सुटका म्हणून ते घेतलं, की तो नकळत अमेरिकेच्या कर्जाला हातभार लावतो. जुलै २०२५मध्ये अमेरिकेने त्यासाठी कायदा केला तो उगाच नव्हे. मराठीत याला सर्वांत जवळचं काय? हुंडी. खासगी पेढीचं वचन, मागितल्यावर वटायला हवं असं. 'डॉलरची डिजिटल हुंडी' असं एकदा स्पष्टीकरणात लिहा आणि पुढे खुशाल स्टेबलकॉइन वापरा. न वटणं, बुडणं, हे सगळे क्रियापदांचे बारकावे हुंडीबरोबर फुकट मिळतात.

तर तुमच्या लेखासाठी माझी शिफारस : सर्वसाधारण उल्लेखाला क्रिप्टोचलन. संकरित आहे, पण तोंडात बसतं आणि आभासीसारखं दिशाभूल करत नाही. सरकार, कायदा किंवा आंतरराष्ट्रीय संस्था बोलत असेल तिथे तिचा स्वतःचा शब्द जपा. मालमत्तेला मालमत्ता, वस्तूला वस्तू.

जाता जाता लिंगाचं. करन्सी स्त्रीलिंगी, चलन नपुंसकलिंगी, त्यामुळे 'क्रिप्टो पडली' आणि 'क्रिप्टो पडलं' दोन्ही कानावर येतात. चलन मनात असेल तर 'पडलं' लिहा आणि लेखभर तेच ठेवा. बिटकॉइनला मी नाण्याच्या हिशेबाने 'ते' म्हणतो, पण शेअरबाजारातली मंडळी 'बिटकॉइन आज पडला' म्हणतात, बहुधा शेअर पडतो म्हणून. तेही मला चूक वाटत नाही.